समोरच्या कोपऱ्यातला माणूस

प्रमोद शेजवळला संध्याकाळी एखाद्या आयोजकाचा फोन आला, की संजीवनी पोळ्या लाटता लाटताच विचारायची, "आता नवीन कोण?" नव्वद किलोच्या वरचे व्यावसायिक बॉक्सर आपल्याकडे मोजकेच. एखादा तरुण हेवीवेट पहिल्यांदा रिंगमध्ये उतरवायचा असला, की त्याच्यापुढे उभं राहायला अनुभवी, दमाचा आणि शक्यतो हरणारा माणूस लागतो. तसा माणूस म्हणून प्रमोदचं नाव पुण्यापासून गुरगावपर्यंत सगळ्यांच्या फोनमध्ये होतं. आठ वर्षांत त्याने अठरा फाइट केल्या होत्या. त्यातल्या अकरा तो हरला होता. त्याबद्दल त्याची कसली तक्रार नव्हती. अंबरनाथच्या एमआयडीसीत बॉयलरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात तो क्रेन चालवायचा, बदलापूर पूर्वेला इमारतीच्या तळमजल्यावर संजीवनीचं पोळी-भाजी केंद्र होतं, वर दुसऱ्या मजल्यावर घर होतं, आणि मुलगी पायल सातवीत होती. बॉक्सिंग त्याला सोडवत नव्हतं, एवढंच.

त्या वेळचा नवीन म्हणजे वांगणीचा जितेश म्हसे. वय बावीस, उंची सहा फूट चार इंच, वजन एकशे सात. पोरगा वांगणीला एका नर्सरीत कामाला होता. उल्हासनगरचे शरदचंद्र सर तिथे एकदा आंब्याची कलमं घ्यायला गेले. सर पूर्वी रेल्वेकडून खेळायचे आणि आता फर्निचरच्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर बॉक्सिंग शिकवायचे. झाड लावलेली सिमेंटची कुंडी, जी एरवी दोन माणसं बांबू घालून उचलायची, ती या पोराने एकट्याने कवेत घेऊन टेम्पोत ठेवलेली त्यांनी पाहिली. कलमं तिथेच विसरून आपण पोराचा नंबर घेऊन परत आलो, असं सर स्वतःच हसत सांगायचे. चार वर्षं त्यांनी त्याला हौशी स्पर्धांत खेळवलं, आणि आता तो व्यावसायिक म्हणून पहिल्यांदा उतरणार होता.

ती फाइट उल्हासनगरला चार नंबर कॅम्पातल्या एका हॉलमध्ये रविवारी दुपारी झाली. आयोजक होते हरेश वाधवानी. खालचं फर्निचरचं गोदाम त्यांचंच, आणि बॉक्सिंगचं वेडही त्यांचंच. चार राउंड, प्रत्येकी तीन मिनिटं, डोक्याला हेल्मेट नाही. पहिल्या दोन राउंडांत प्रमोदने पोराला रिंगभर फिरवलं. जितेशचे ठोसे जोरकस होते, पण ते निघण्याआधीच त्याचा खांदा सांगून टाकायचा. प्रमोद अर्धं पाऊल सरकायचा आणि ठोसा हवेत जायचा. तिसऱ्या राउंडमध्ये मात्र प्रमोदचे पाय जड झाले. जितेशचा उजवा हात त्याच्या डाव्या कोपराखालून आत शिरला आणि बरगडीत काहीतरी करकन वाजलं. प्रमोदने एक गुडघा टेकला. रेफ्रीने आठपर्यंत मोजलं तोवर तो उठला, चौथा राउंड त्याने दात आवळून पुरा केला, आणि गुणांवर हरला.

निकाल लागल्यावर पोरं जिंकल्याच्या आनंदात दोरांवर चढतात. जितेश सरळ प्रमोदकडे आला आणि खाली वाकून म्हणाला, "दादा, लागलं का?" प्रमोदने नाही म्हणून मान हलवली.

मंगळवारी दुपारी घराची बेल वाजली. संजीवनीने दार उघडलं तर दाराच्या चौकटीला कपाळ लागू नये म्हणून मान वाकवून एक प्रचंड मुलगा उभा होता, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. कोण आहे हे तिला सांगावं लागलं नाही. नवरा दोन रात्री बसून झोपला होता, तिचा जीव वैतागला होता.

"काय बघायला आलात?" तिने विचारलं. "मारलेलं नीट लागलं की नाही ते?"

 तो पिशवी तशीच हातात धरून उभा राहिला. शेवटी म्हणाला, "वहिनी, माझ्या हाताला कळलं होतं. आतमध्ये काहीतरी मोडलं. दादा नाही म्हणाले, पण मला जेवण जात नाहीये."

संजीवनीने त्याला आत घेतलं. घरात एक प्लास्टिकची खुर्ची होती. त्या खुर्चीकडे एकदा बघून तो खाली फरशीवर बसला. प्रमोद आतून आला आणि चिडला, कारण त्याने ते दुखणं कारखान्यात आणि हरेशभाईंकडे लपवलं होतं. दुखणं कळलं तर सहा आठवडे सुट्टी, आणि क्रेनवर दुसरा माणूस. जितेशने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, एक्स-रे होईपर्यंत मी इथून हलणार नाही. त्याला हलवणं कुणाला शक्यही नव्हतं. पायल शाळेतून आली तेव्हा तो तसाच भिंतीला टेकून बसलेला होता आणि संजीवनीने वाढलेल्या बारा पोळ्या खाऊन त्याला घाम फुटला होता.

एक्स-रेमध्ये दोन बरगड्यांना तडा निघाला. प्रमोदला घरी बसावं लागलं. त्या सहा आठवड्यांत जितेश आठवड्यातून दोनदा तरी वांगणीहून यायचा. कधी नाचणीचं पीठ, कधी पेरू, कधी त्याच्या आईने, विठाबाईने, दिलेली तिळाच्या तेलाची बाटली. संजीवनीचा राग पहिल्या आठवड्यातच ओसरला. मुलगा सिलिंडर उचलून आणायचा, कणकेचं पोतं खाली दुकानात पोचवायचा, आणि पायलला गणित येत नसलं तर आपल्यालाही येत नाही असं प्रामाणिकपणे सांगायचा.

एक दिवस त्याने विचारलं, "दादा, पहिल्या दोन राउंडांत मी एवढे ठोसे मारले. लागले का नाहीत?"

प्रमोद खुर्चीवर बसला होता. असा प्रश्न त्याला कुणी कधी विचारला नव्हता. जिंकलेली पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायची आणि निघून जायची. त्याने पायलची खोडरबरं फरशीवर मांडली. हा तुझा डावा पाय, हा उजवा, हे माझे. ठोसा हातातून येत नाही, टाचेतून येतो, आणि टाच उचलली की मला कळतं. दीड तास तो बोलत होता. संजीवनी दोनदा चहा घेऊन आली आणि दोन्ही वेळा कप ठेवून परत गेली. नवऱ्याला इतकं बोलताना तिने लग्नानंतर क्वचितच ऐकलं होतं.

बरगड्या भरून आल्यावर प्रमोद शरदचंद्र सरांकडे जायला लागला. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहिली पाळी संपली की अंबरनाथहून उल्हासनगर, गोदामाच्या बाजूचा जिना, वरती घामाचा आणि खालून येणारा पॉलिशचा वास. सर कोपऱ्यात घड्याळ घेऊन बसायचे आणि रिंगमध्ये दोघं. जाड ग्लव्ह्ज, डोक्याला हेल्मेट, सहा राउंड, कधी आठ. जितेशला देशात सरावासाठी आपल्या वजनाचा माणूस मिळणं कठीण होतं, आणि इथे तसा माणूस बदलापूरहून आपणहून यायचा.

प्रमोदने त्याला वेग शिकवला नाही, कारण तो त्याच्याकडेच उरला नव्हता. दम कसा राखायचा ते शिकवलं. समोरचा पिसाळला की त्याच्या हातांच्या आत कसं शिरायचं, त्याच्या मानेवर आपलं डोकं कसं टेकवायचं, आणि त्याला मिठी मारून आपलं सगळं वजन त्याच्या अंगावर कसं सोडायचं. "दमलास की मिठी मार," तो म्हणायचा. "लाजायचं नाही. मिठीत श्वास घ्यायचा. दोन श्वास पुरे होतात." शेकडो वेळा ते दोघं रिंगच्या मधोमध असे एकमेकांना धरून उभे राहिले असतील, कपाळाला कपाळ, धापा टाकत. एका माणसाला दुसऱ्याचा श्वास जितका ओळखीचा होऊ शकतो तितका तो झाला.

एकच खोड प्रमोदला मोडता येईना. डाव्या हाताने जॅब, म्हणजे सरळ छोटा ठोसा, मारताना जितेशचा उजवा हात हनुवटीवरून खाली उतरायचा. फार नाही, चार बोटं. प्रमोदने त्याच्या गळ्यापाशी टॉवेलचं टोक देऊन ते धरून ठेवायला लावलं, शंभर-शंभर जॅब मारून घेतले. दमला की हात पुन्हा उतरायचाच.

तरीही जितेश जिंकत गेला. दुसरी फाइट पुण्याला, सव्वा मिनिटात. तिसरी गुरगावला, सैन्यातून निवृत्त झालेल्या एका उंच हरियाणवी माणसाशी. त्यात जितेशची भुवई फाटली आणि सहाही राउंड खेळावे लागले. चौथी, पाचवी हैदराबादला. सहावी पुन्हा पुण्याला, जिथे समोरचा माणूस दुसऱ्या राउंडला स्टुलावरून उठलाच नाही. प्रमोद रजा टाकून प्रत्येक वेळी बरोबर जायचा. फाइट संपली की पहिला फोन त्यालाच यायचा, विठाबाईचा. तिने मुलाची एकही फाइट पाहिली नव्हती. जिंकला की हरला हेही ती विचारायची नाही.

"पोरगा उभा हाय ना, भाऊ?"

"उभाय, मावशी. समोरच बसून केळी खातोय."

"बरं झाला," एवढं म्हणून ती फोन ठेवायची.

सातव्या विजयानंतर वांगणी स्टेशनबाहेर जितेशचा फलक लागला. तो तिथून जाताना मान खाली घालायचा.

मग हरेशभाईंनी मोठा बेत केला. भारताच्या हेवीवेट विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी आठ राउंडांची फाइट, उल्हासनगरातच. समोर पंजाबचा एक नावाजलेला बॉक्सर. ऑनलाइन प्रक्षेपण ठरलं, आणि दुबईच्या एका कंपनीचा माणूस खास जितेशला बघायला येणार होता. तो खूश झाला तर पुढचं सगळं दार उघडणार होतं. आणि अकरा दिवस आधी बातमी आली की पंजाबच्या बॉक्सरचा हात सरावात मोडला.

हरेशभाईंनी दोन दिवस फोन फिरवले. कुणी तयार नव्हतं, कुणाचं वजन बसत नव्हतं, कुणाचा परवाना संपलेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते संजीवनीच्या दुकानात येऊन उभे राहिले. प्रमोद नुकताच कामावरून आला होता. हरेशभाई गिऱ्हाईक संपेपर्यंत बाजूला थांबले.

"साईं, मला बोलायला पण शरम वाटते," ते म्हणाले. "तुझा परवाना मार्चपर्यंत आहे. वजन बसतं. तू लढशील? जितेशशी?"

प्रमोदने संजीवनीकडे पाहिलं. ती तव्यावरची पोळी उलटत होती. त्याने हरेशभाईंना उद्या सांगतो म्हणून पाठवून दिलं आणि दुकान बंद होईपर्यंत डबे पुसत राहिला. मनातली गोष्ट कुणाला सांगायची त्याला लाज वाटत होती. नऊ वर्षांत तो कधीच पट्ट्यासाठी लढला नव्हता. कुणी त्याला तसं विचारलंच नव्हतं. हरेशभाईंचा प्रश्न ऐकताक्षणी त्याच्या छातीत जे उसळलं होतं ते सदतिसाव्या वर्षी उसळावं याचंच त्याला नवल वाटत होतं.

संजीवनीने गॅस बंद केला. "पडायला जाणार की जिंकायला?"

"जिंकायला."

"मग डॉक्टरकडे सगळ्या तपासण्या करून घे. डोकं, छाती, डोळे. सगळं नीट निघालं तर जा." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि त्या पोराला तू सांग. दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस."

तपासण्या नीट निघाल्या. जितेशला मात्र तोवर कळलं होतं. तो गोदामाच्या जिन्यावर बसला होता, बॅग पायाशी. त्याने हरेशभाईंना स्पष्ट नाही सांगितलं होतं. पट्टा नको, दुबईवाला नको.

"तुमच्यावर हात नाही उचलणार, दादा."

"आठवड्यातून तीन दिवस उचलतोस."

"तो सराव झाला."

प्रमोद त्याच्या शेजारी खालच्या पायरीवर बसला. खाली गोदामात कुणीतरी पलंगाच्या फळ्या ठोकत होतं. ते थांबलं तेव्हा तो बोलला.

"जितेश, एकोणीस वेळा मी गेलो. दर वेळी लोकांना मी हरायला हवा होतो. सगळे चांगलेच वागले, कुणाला दोष देत नाही. पण मी जिंकायला आलोय असं कधी कुणाला वाटलं नाही. तुलाही आता वाटत नाहीये. तुला वाटतंय, मला लागेल."

जितेश पायाशी ठेवलेल्या बॅगेची चेन उघडबंद करत राहिला.

"तुला भीती नाही वाटत का, की मी तुला पाडेन?" प्रमोदने विचारलं.

जितेश म्हणाला, "वाटते. तुम्हाला माझं सगळंच माहीत आहे."

"मग चांगली फाइट होईल," प्रमोद म्हणाला आणि त्याच्या मानेवर हात ठेवून उठला.

उरलेले आठ दिवस ते भेटले नाहीत. भेटायचं नसतं. शरदचंद्र सर जितेशचे, म्हणून प्रमोदने कारखान्यातला सुजित सोबतीला घेतला. सुजित पूर्वी बॉक्सिंग करायचा आणि आता वेल्डर होता. अंबरनाथला त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते दोघं राबले. प्रमोदचे पाय हलके झाले होते. दीड वर्ष एका बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाबरोबर घाम गाळल्याचा तो परिणाम होता, हे त्याच्या लक्षात आलं. सुजितच्या शेडमध्ये त्याला सगळ्यात जास्त आठवण येत होती ती त्या धापा टाकणाऱ्या पोराची. शुक्रवारी विठाबाईंकडून मेथीच्या लाडवांचा डबा आला. दुसरा तस्साच डबा जितेशसाठी घरी ठेवलाय, दोघांनी नीट खा, असा निरोप होता.

रविवारी हॉल खचाखच भरला. वांगणीहून दोन टेम्पो भरून पोरं आली होती. प्रमोदच्या बाजूने कारखान्यातली तीस-एक माणसं, संजीवनी आणि पायल. रिंगमध्ये रेफ्रीने दोघांना समोरासमोर आणलं तेव्हा त्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहणं टाळलं. ग्लव्ह्ज टेकवले आणि आपापल्या कोपऱ्यात गेले.

पहिले दोन राउंड प्रमोदने जिंकले. जितेशची टाच उचलली जायची त्याआधीच तो तिथून निघालेला असायचा. तिसऱ्या राउंडला तो ज्याची वाट बघत होता ते झालं. जितेशने जॅब टाकला, उजवा हात चार बोटं खाली आला, आणि प्रमोदचा बाजूने वळलेला डावा हुक तिथून आत गेला. जितेश बसला. कारखान्यातली माणसं खुर्च्यांवर चढली. प्रमोद दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. रेफ्री मोजत होता आणि प्रमोद मनातल्या मनात पोराला ऊठ म्हणत होता. सहावर जितेश उठला.

पण काहीतरी खटकत होतं. चौथ्या राउंडमध्ये ते त्याच्या लक्षात आलं. दोनदा त्याची डावी बाजू उघडी पडली होती आणि दोन्ही वेळा जितेशचा उजवा हात निघून मध्येच थांबला. पोरगा त्या बरगड्यांना हात लावत नव्हता. हॉलमधल्या कुणाला दिसलं नसेल, प्रमोदला दिसलं. तो आत शिरला, त्याने जितेशला मिठी मारली आणि कपाळ त्याच्या मानेवर टेकवलं.

"डावीकडे का मारत नाहीस?"

जितेश नुसता श्वास घेत राहिला. मग म्हणाला, "तिथं नाही मारणार."

"म्हणजे मी घरी जाऊन संजूला काय सांगू? तू सोडलंस म्हणून जिंकलो?"

रेफ्री दोघांना सोडवायला आला. प्रमोदने हात सोडले नाहीत.

"मला माणूस समजतोस ना? मग पूर्ण मार," तो म्हणाला, आणि मग रेफ्रीने त्यांना वेगळं केलं.

पाचव्या राउंडच्या मध्यावर तो ठोसा आला. कोपराखालून, टाचेपासून उचललेला, अगदी त्याने शिकवला होता तसा. प्रमोदचा श्वास गेला आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. पाय मात्र टिकले. बरगड्याही टिकल्या. तो दोरांना टेकला आणि त्या दुखण्यातही त्याला बरं वाटलं, इतकं की रेफ्रीने त्याच्या तोंडाकडे वळून पाहिलं. त्यानंतरचे तीन राउंड उल्हासनगरात अजून लोक सांगतात. दोघांनीही काही राखून ठेवलं नाही. सहावा जितेशचा, सातवा कुणाचा ते सांगणं कठीण. आठव्यात प्रमोदच्या हातांत जोर उरला नव्हता, तरी तो पुढेच चालत राहिला, आणि शेवटची घंटा झाली तेव्हा दोघं एकमेकांना धरून उभे होते, कारण सोडलं असतं तर दोघंही पडले असते.

तीन परीक्षकांपैकी एकाने प्रमोदला जिंकवलं, दोघांनी जितेशला. पट्टा जितेशचा झाला. त्याने हात वर केले नाहीत. रेफ्रीने धरून वर केला तेवढाच. पट्टा कमरेला बांधून होण्याआधीच तो प्रमोदकडे आला आणि इतका वेळ आवरलेलं त्याचं रडू फुटलं. एवढा मोठा मुलगा लहान पोरासारखा हुंदके देतोय हे पाहून वांगणीची पोरं खुर्च्यांवरून उठली. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल उभा राहिला. संजीवनीने पायलचा हात घट्ट धरला होता. प्रमोद हरला होता, तेरावी वेळ. पण त्याने तिच्याकडे पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा तिने लग्नातसुद्धा पाहिला नव्हता असा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जितेश बदलापूरला आला. त्याचा जबडा सुजला होता, प्रमोदचा डावा डोळा मिटला होता. दोघांनाही चावता येत नव्हतं. संजीवनीने मऊ भात केला, त्यावर साजूक तूप आणि मेतकूट घातलं, आणि दोघांना एकाच ताटात वाढलं, कारण ताटं खाली दुकानात होती आणि तिला जिने चढायचा कंटाळा आला होता, असं ती म्हणाली. ते दोघं फरशीवर बसून हळूहळू जेवले. पायलने त्यांचा फोटो काढला. तो अजून तिच्या मोबाइलवर आहे.

जेवून झाल्यावर जितेश म्हणाला, दुबईवाल्याने चार महिन्यांनंतरची फाइट ठरवलीये. दहा राउंड. कारखाना रजा देवो किंवा न देवो, कोपऱ्यात तुम्हीच पाहिजेत, नाहीतर मी जात नाही. सरांनाही हेच हवंय. प्रमोदने कारखान्यात पंधरा दिवसांची रजा मागितली. सुपरवायझरने फाइट पाहिली होती, त्याने काही न विचारता सही केली. मार्चमध्ये परवान्याची मुदत संपली तेव्हा प्रमोदने तो पुन्हा काढला नाही.

दुबईला समोर उझबेकिस्तानचा एक अनुभवी बॉक्सर होता, अकरा फाइटमध्ये एकदाही न हरलेला. स्टेडियम मोठं होतं, थंडगार, आणि जितेशच्या नावाची घोषणा करणाऱ्याला म्हसे हे आडनाव म्हणता येईना. पहिले चार राउंड जितेशने मार खाल्ला. दर मिनिटभराच्या विश्रांतीत प्रमोद त्याच्यापुढे गुडघ्यावर बसायचा, बर्फ मानेवर धरायचा आणि अगदी हळू आवाजात, घरी जेवताना बोलावं तसं बोलायचा. घाई करू नकोस. तो सहाव्यानंतर तोंडाने श्वास घेईल, मग बघू. सहाव्यानंतर तो खरंच तोंडाने श्वास घ्यायला लागला. आठव्या राउंडला जितेशचा जॅब निघाला, उजवा हात हनुवटीला चिकटून राहिला, आणि उझबेकिस्तानवाला तो हात खाली उतरायची वाट बघत पुढे झुकला होता तिथेच त्याला तो उजवा ठोसा लागला. रेफ्रीने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवून फाइट संपल्याची खूण केली.

कपडे बदलायच्या खोलीत गर्दी झाली, फोटो झाले, कंपनीचा माणूस पुढच्या वर्षाचं काहीतरी बोलून गेला. शरदचंद्र सर त्याच्याबरोबर बाहेर गेले. खोलीत दोघंच उरले तेव्हा जितेश बाकावर आडवा झाला. प्रमोद शेजारी बसला, त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि ग्लव्ह्जखाली बांधलेल्या पट्ट्या कात्रीने कापायला लागला. दोन-तीन थर झाले असतील, एवढ्यात पोराचा श्वास जड झाला. तो झोपला होता. प्रमोदने कात्री ठेवून दिली आणि उरलेल्या पट्ट्या हातानेच, एकेक वेढा, सोडवत बसला.